वीज-संरक्षण यंत्रणेच्या कार्यान्वयनपूर्व चाचण्या : एका अहवालाचे परीक्षण

कारखान्यातील इतर सर्व यंत्रे आपल्या कामानेच आपली परीक्षा देत असतात. लेथ वाकडा कापू लागला तर तासाभरात कळते. पंप पाणी उचलीनासा झाला तर त्याची तक्रार दुसऱ्या कोणी करावी लागत नाही. संरक्षण-यंत्रणेचे तसे नाही. रिले, तिला प्रवाहाची वार्ता देणारे करंट ट्रान्सफॉर्मर, ट्रिप-मंडलाच्या तारा, बॅटरी आणि ब्रेकर या साखळीने वर्षानुवर्षे स्तब्ध राहावे अशीच आपली इच्छा असते. आणि निरोगी साखळी व मृत साखळी यांची स्तब्धता बाहेरून पाहणाऱ्यास अगदी सारखी दिसते. म्हणून या यंत्रणेच्या बाबतीत कार्यान्वयनापूर्वीची चाचणी हा उपचार नव्हे. ती यंत्रणा खरोखर अस्तित्वात आहे याचा तो जवळजवळ एकमेव पुरावा होय. त्या पुराव्याची प्रत काय असते, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

परीक्षणासाठी घेतलेला अहवाल पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील एका कारखान्याचा आहे. कारखान्याचे अथवा ठेकेदाराचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष त्यांच्यापुरता नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड करीत हा पट्टा पुढे चाकणपर्यंत मोटार-कारखान्यांनी भरून गेला. यांतील मध्यम आकाराचा कारखाना बहुधा २२ केव्ही दाबाने वीज घेतो आणि आपल्या आवारातील रोहित्रांनी ती ४३३ व्होल्टांवर उतरवतो. प्रस्तुत कारखान्याचे रोहित्र २ एमव्हीएचे आहे. उच्चदाब बाजूचा पूर्णभार प्रवाह सुमारे ५२ अँपिअर, लघुदाब बाजूचा सुमारे २,६६७ अँपिअर. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

अहवाल चाळीस पानांहून अधिक आहे, नीटनेटका आहे, आणि प्रथमदर्शनी त्यात उणे काढण्यासारखे काही नाही. रिलेच्या प्रत्येक घटकाची चाचणी केलेली आहे. अतिप्रवाह रिलेस तिच्या ठरावाच्या दुप्पट, पाचपट व दहापट प्रवाह देऊन लागलेला वेळ नोंदवला आहे, आणि कालगुणक ०.१ असता प्रमाणित व्यस्त वक्रानुसार जे १.००, ०.४३ व ०.३० सेकंद यावयास हवेत, तेच थोड्या फरकाने आलेले आहेत. लघुदाब बाजूच्या मर्यादित भूदोष-संरक्षणाचा ठराव ०.२ अँपिअर; रिले ०.२०१ वर चालली. पानाच्या तळाशी शेरा आहे : ‘चाचणी घेतली, ठीक आढळले.’ मराठी व्याकरणात या रचनेस कर्ता लागत नाही, ही तिची सोय आहे. कोणास आढळले, काय पाहून आढळले, आणि मुख्य म्हणजे नेमके काय ठीक आढळले, हे तीनही प्रश्न ती टाळते.

ठीक आढळली ती रिले. संरक्षण नव्हे. हा भेद वरवर शाब्दिक वाटेल, परंतु सारे परीक्षण त्याच्यावरच उभे आहे. कार्यशाळेच्या भाषेत ज्यास सेकंडरी इंजेक्शन म्हणतात त्या चाचणीत रिलेच्या अग्रांवरील सीटीच्या तारा सोडवून तेथे चाचणी-संचाच्या तारा जोडतात व कृत्रिम प्रवाह सोडतात. म्हणजे चाचणीची सुरुवातच मुळी साखळीचा पहिला अर्धा भाग तोडून होते. सीटी योग्य गुणोत्तराचा आहे काय, त्याचा संरक्षणाचा गाभा रिलेकडे व मापनाचा गाभा मीटरकडे गेला आहे की उलट झाले आहे, त्याची ध्रुवता बरोबर आहे काय, वाटेतील अग्रपट्टीवरची लघुमंडल-पट्टी काढली आहे काय, यांपैकी कशालाही या चाचणीने स्पर्श होत नाही. शिवाय सोडवलेल्या तारा चाचणीनंतर पूर्ववत् जोडल्या गेल्या, हे सिद्ध करणारी नोंद अहवालात नसते. ती असूही शकत नाही, कारण जोडणी ही चाचणीनंतरची क्रिया आहे. चाचणीनेच दोष पेरला जाण्याची ही शक्यता प्रत्येक अनुभवी तंत्रज्ञास ठाऊक आहे, आणि कोणत्याही छापील प्रपत्रात तिच्यासाठी रकाना नाही.

गाभ्यांच्या अदलाबदलीचेच पाहा. मापनाचा गाभा मुद्दाम असा बनवतात की दोषप्रवाहाच्या वेळी तो लवकर संपृक्त व्हावा व मीटर वाचावा; त्याचा सुरक्षा-गुणक ५ असेल तर निर्धारित प्रवाहाच्या सुमारे पाचपटीनंतर तो खरे सांगण्याचे सोडून देतो. संरक्षणाच्या गाभ्याकडून नेमकी उलट अपेक्षा असते. २२ केव्ही बाजूची दोषक्षमता ५०० एमव्हीए धरली तर दोषप्रवाह सुमारे १३ किलोअँपिअर होतो. ७५/१ च्या सीटीस हा निर्धारित प्रवाहाच्या पावणेदोनशे पट झाला. संरक्षणाचा चांगला गाभाही एवढ्या प्रवाहाने संपृक्त होऊ शकतो, मग मापनाच्या गाभ्याची काय कथा! तथापि रोजच्या भारावर दोन्ही गाभे अगदी सारखे वाचन देतात. अदलाबदल उघडकीस आणावयाची तर सीटीचा चुंबकन-वक्र जागेवर, रिलेच्या बाजूने घ्यावा लागतो. आमच्या अहवालात चुंबकन-वक्र आहेत. पण ते निर्मात्याच्या कारखान्यातील प्रमाणपत्रावरून उतरवलेले आहेत. कोणत्या तारेच्या टोकाशी कोणता गाभा आहे हे त्या प्रमाणपत्रास कसे ठाऊक असावे?

आता ज्या दोषामुळे हा अहवाल आमच्या विभागाकडे आला त्याकडे वळू. लघुदाब बाजूच्या मर्यादित भूदोष-संरक्षणात तीन फेजांवर तीन आणि स्टार बिंदूतून निघणाऱ्या न्यूट्रलवर, तिचे भूसंयोजन व बाहेर जाणारी न्यूट्रल वेगळी होण्यापूर्वी, एक असे चार सीटी असतात. चौघांच्या प्रवाहांची बेरीज रिले पाहते. भूदोष रोहित्राबाहेर असेल तर जो प्रवाह फेजमधून गेला तोच न्यूट्रलमधून परत येतो व बेरीज शून्य राहते. दोष रोहित्राच्या आत असेल तर बेरीज शून्य राहत नाही, व रिले तत्काळ ब्रेकर उघडते. रचना सुंदर आहे. परंतु न्यूट्रलवरील सीटीच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर काय होईल? आतल्या दोषास रिले तरीही चालेल. समतोल भारावर न्यूट्रलमध्ये प्रवाहच नगण्य, म्हणून रिले शांत राहील. बाहेरच्या भूदोषास मात्र बेरजेच्या जागी दुप्पट होईल, आणि कोठल्या तरी प्रेसच्या केबलचा दोष संपूर्ण शॉप अंधारात लोटील.

या कारखान्यात नेमके हेच घडले, आणि दोनदा घडले. दोन्ही वेळा रोहित्र तपासले, तेलाचा नमुना तपासला, काही सापडले नाही. मग देखभाल-विभागाने जो मार्ग पत्करला तो आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब होय : त्यांनी भूदोष-रिलेची ट्रिप-लिंक उघडून ठेवली. उत्पादन अडू नये म्हणून उचललेले हे पाऊल समजण्यासारखे आहे. खोटी हाक देणाऱ्या पहारेकऱ्यास घरी पाठवणे कोणासही सुचते. परंतु त्या दिवसापासून रोहित्राच्या आतील भूदोषास जलद असे संरक्षण उरले नाही. उरले ते उच्चदाब बाजूचे अतिप्रवाह-संरक्षण, ज्यास स्टार बिंदूजवळचा दोष जवळजवळ दिसतच नाही, आणि बुखोल्झ रिले, जी टाकीबाहेरच्या दोषाकडे पाहूच शकत नाही. संरक्षणाचे दोन गुण मानतात : चालावयाचे तेव्हा चालणे, आणि चालावयाचे नाही तेव्हा न चालणे. विद्यार्थी पहिल्यास महत्त्व देतात व दुसरा केवळ गैरसोयीचा प्रश्न समजतात. प्रत्यक्षात दुसरा ढळला की काही महिन्यांत माणसेच पहिला काढून घेतात.

उलट जोडलेली ही ध्रुवता कार्यान्वयनाच्या वेळी सापडली असती काय? अहवालातील भार-चाचणीने सापडली नसती असे नाही, पण ती पाहणाऱ्याची दृष्टी सूक्ष्म हवी होती. दिव्यांच्या व नियंत्रण-मंडलांच्या एकफेजी भाराने न्यूट्रलमधून ४० अँपिअर जात असतील तर उलट्या जोडणीने बेरीज ८० होते. ३०००/१ च्या सीटीतून ती २७ मिलिअँपिअर. ठराव २०० मिलिअँपिअरचा. रिले चालणार नाहीच. पण आजच्या अंकीय रिलेच्या पडद्यावर हे २७ मिलिअँपिअर रोज उभे होते. कोणी ते वाचले नाहीत, कारण कोणी ते वाचावे असे प्रपत्र सांगत नव्हते.

खात्रीचा मार्ग याहून जुना आहे आणि त्यास महागडे उपकरण लागत नाही. उच्चदाब बाजूस २२ केव्हीच्या ऐवजी साधा त्रिफेजी ४१५ व्होल्टांचा दाब द्यावयाचा आणि लघुदाब बाजू सीटींच्या पलीकडे लघुमंडलित करावयाची. रोहित्राचा प्रतिबाध ६.२५ टक्के असेल तर पूर्णभार प्रवाहास १,३७५ व्होल्ट लागतील. ४१५ व्होल्टांनी त्याच्या तीस टक्के प्रवाह वाहील, म्हणजे उच्चदाब बाजूस सुमारे १५.८ अँपिअर व लघुदाब बाजूस सुमारे ८०५. पुरवठ्यावर भार पडतो तो अवघा साडेअकरा केव्हीएचा. कार्यशाळेतील कोणताही सॉकेट-बोर्ड तो देऊ शकतो. सर्व सीटींतून खरा प्रवाह वाहतो, सर्व तारा आपापल्या जागी असतात, रिलेच्या पडद्यावर परिमाण व कोन दोन्ही वाचता येतात. नंतर तिन्ही फेजांऐवजी एकच फेज न्यूट्रलशी लघुमंडलित केली की बाह्य भूदोषाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. स्रोताचा व जोडपट्ट्यांचा प्रतिबाध सोडला तर याही वेळी ८०५ अँपिअरच वाहतात, आणि तेही वेष्टनात पाच व्होल्टांहून कमी दाब असता. ध्रुवता बरोबर असेल तर रिलेस जवळजवळ शून्य दिसेल. उलट असेल तर ०.५४ अँपिअर. मधला काही पर्याय नाही. (एक सूचना येथेच दिलेली बरी : ४१५ व्होल्ट चुकूनही लघुदाब बाजूस लावू नयेत. दुसऱ्या बाजूस एकवीस हजार व्होल्ट उभे राहतील.)

या पद्धतीस मर्यादा आहेत हे मान्य केले पाहिजे. चाकण परिसरातील जे मोठे ग्राहक २२० केव्हीवर वीज घेतात त्यांच्या २५ एमव्हीए रोहित्राचे उदाहरण घेतले, प्रतिबाध साडेबारा टक्के धरला, तर ४१५ व्होल्टांनी पूर्णभाराच्या दीड टक्काच प्रवाह वाहतो : उच्चदाब बाजूस जेमतेम १ अँपिअर, २२ केव्ही बाजूस १०. सीटीच्या दुय्यम बाजूस हे दहा-बारा मिलिअँपिअर होतात. ते मोजता येतात, परंतु मोजणाऱ्याचा हात व उपकरण दोन्ही चांगले हवे, आणि जवळच्या प्रवाहित वाहिनीच्या प्रेरणाने वाचन बिघडू शकते. लहान रोहित्रावर निर्णायक असलेली कसोटी मोठ्या रोहित्रावर दुबळी होते, हे पाठ्यपुस्तकांनी अधिक स्पष्टपणे सांगावयास हवे.

उर्वरित साखळीबद्दल थोडक्यात. ब्रेकरची ट्रिप-कॉइल निर्धारित एकदिश दाबाच्या ७० टक्क्यांवर चालली पाहिजे असे आंतरराष्ट्रीय मानक म्हणते. ११० व्होल्टांच्या बॅटरीस हे ७७ व्होल्ट झाले. आमच्या अहवालात ब्रेकर उघडल्याची नोंद आहे, पण ती बॅटरी पूर्ण भारित व चार्जर चालू असताना. दोषाच्या वेळी सहायक पुरवठा खचलेला असतो ही गोष्ट विसरली गेली आहे. विद्युत्‌रोधाच्या चाचण्या यथास्थित आहेत. त्यांविषयी तक्रार नाही.

या रिकाम्या जागांचे कारण केवळ आळस असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारणे दोन दिसतात, व त्यांपैकी एक अगदी नवे आहे. चकतीच्या विद्युत्-यांत्रिक रिलेच्या काळात ठराव प्लगने व डायलने होत असे. चाचणी घेणारा कागदावर गणित मांडून अपेक्षित वेळ काढी आणि मग घड्याळ लावी. आज अंकीय रिलेत ठरावांची संख्या शेकड्यांत जाते, आणि चाचणी-संचाची आज्ञावली रिलेतूनच ठरावांची संचिका वाचून घेते, तिच्यावरून अपेक्षित उत्तरे बनवते, व रिले त्या उत्तरांशी जुळते काय ते पाहते. जुळतेच. संचिकेत सीटीचे गुणोत्तर चुकीचे भरले असेल, रोहित्राचा सदिश-गट डीवायएन-११ च्या जागी डीवायएन-१ लिहिला असेल, तरी ही चाचणी ‘उत्तीर्ण’ असाच निर्णय देईल, कारण विद्यार्थ्याने स्वतःच्याच उत्तरपत्रिकेवरून स्वतःस गुण दिलेले आहेत. अहवालातील चाळीस पानांपैकी निम्म्याहून अधिक पाने या जातीची आहेत. पृष्ठसंख्या वाढली, पुरावा वाढला नाही.

दुसरे कारण मुहूर्ताचे. ‘कमिशनिंग’ हा शब्द पुस्तकातला; जागेवर सर्वजण ‘चार्ज करणे’ म्हणतात, आणि रोहित्र चार्ज करण्याचा दिवस यंत्रसामग्री पोहोचण्याच्या आधीच ठरलेला असतो. हार आणलेला असतो, नारळ आणलेला असतो, वरिष्ठ पुण्याहून निघालेले असतात. स्थापत्याचे काम पंधरा दिवस लांबले तर ते पंधरा दिवस चाचणीतून कापले जातात, कारण तिच्यानंतर कापण्याजोगे काही शिल्लक नसते. नारळाविषयी आमचा आक्षेप नाही. कायद्याने विद्युत् निरीक्षकाची तपासणी बंधनकारक आहे. १९५६ चे नियम जाऊन २०१० ची आणि त्यांच्या जागी २०२३ ची विनियमावली आली, पण अधिसूचित दाबावरील मांडणीस पुरवठ्यापूर्वी तपासणी हवी हे तत्त्व कायम राहिले. तथापि निरीक्षकापुढे जे येते ते मुख्यतः भूसंयोजन, अंतरे, विद्युत्‌रोध आणि हाच अहवाल. एका दिवसाच्या भेटीत त्याने सीटीच्या ध्रुवतेचा शोध लावावा अशी अपेक्षा करणे गैर आहे.

येथे एक विरुद्ध पक्ष मांडला जाईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. चाचणी कितीही कसून घेतली तरी तिने सर्व धोके टळत नाहीत. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी सुटली तेव्हा तिच्यावर दोष नव्हता. दूर-अंतर रिलेच्या तिसऱ्या क्षेत्रात जड भारच शिरला, रिले आपल्या ठरावाप्रमाणे बिनचूक चालली, आणि उत्तरेकडील ग्रिड कोसळले. कोणतीही कार्यान्वयन-चाचणी त्या रिलेस उत्तीर्णच करती. ठराव कशासाठी व कोणत्या परिस्थितीसाठी, हा प्रश्न चाचणीच्या आधीचा आहे व तो अभ्यासाने सुटतो. हे सर्व खरे. परंतु यावरून कसून चाचणी व्यर्थ असे ठरत नाही. एवढेच ठरते की ठरावांचे गणित मांडणारा आणि रिलेची चाचणी घेणारा यांनी एकमेकांचे कागद वाचले पाहिजेत. आमच्या पट्ट्यात ते बहुधा दोन वेगळ्या ठेकेदारांचे असतात व त्यांची भेटही होत नाही.

आणि प्रसंग यावयाचा तो येतोच. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे धुके व दव यांमुळे लोणीकंद व चाकण येथील ४०० केव्ही उपकेंद्रांच्या वाहिन्या सुटल्या, आणि पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण येथील मोठ्या भागाचा पुरवठा खंडित झाला. अशा सकाळी एका वेळी हजारो कारखान्यांतील न्यूनदाब-रिले, जनित्राकडे वळण्याच्या योजना व त्यांचे परस्पर-अवरोध यांची परीक्षा होते, आणि पुरवठा परतताना सर्व रोहित्रांचे चुंबकन-प्रवाह एकदम उसळतात. ज्या संरक्षणाची परीक्षा आधी माणसाने घेतली नाही, त्याची ती परीक्षा असे प्रसंग घेतात.

मूळ कारखान्याविषयी सांगावयाचे राहिले. तपासणीसाठी पुरवठा बंद ठेवणे आवश्यक होते, व औद्योगिक सुटीचा गुरुवार मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. प्रस्तुत लेखक आणि पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थी सकाळी सातास तेथे पोहोचले. उच्चदाब केबल सोडवून व भूसंयोजित करून ४१५ व्होल्टांचा पुरवठा रोहित्रावर घेण्यास दोन तास लागले. चाचणीस स्वतःस वीस मिनिटेही लागली नाहीत. एक फेज न्यूट्रलशी लघुमंडलित करताच रिलेच्या पडद्यावर ०.५१ अँपिअर दिसले. न्यूट्रल-सीटीच्या अग्रपेटीतील दोन तारांची अदलाबदल केली, ०.००६ दिसले. तिन्ही फेजांवर आळीपाळीने हेच केले, मग रिलेतून प्रत्यक्ष ब्रेकर उघडून पाहिला, तोही चार्जर बंद ठेवून. देखभाल-विभागाचे प्रमुख, जे तोपर्यंत फारसे बोलले नव्हते, ट्रिप-लिंक बंद करण्यासाठी स्वतः पुढे आले, आणि अहवालास जोडावयाच्या नव्या पानावर ‘ठीक आढळले’ असे न लिहिता आम्ही दोन्ही आकडे, त्यांची वेळ व वाचणाऱ्याचे नाव लिहावे असा आग्रह त्यांनीच धरला.